चाकणच्या रस्त्यावरून सातासमुद्रापार : मोटारीतील हौशी रेडिओ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्ही लेणी, शिलालेख किंवा चळवळीतील एखादा कालखंड यांवर लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. आमचाही विचार तोच होता. परंतु गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस आपल्या जुन्या मोटारीत बसवून चाकणबाहेर घेऊन गेला. त्या दुपारी जे पाहिले आणि ऐकले, त्यामुळे विषय बदलला. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना तो समजावून सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विद्यार्थी पाचवीत वसतिगृहात दाखल झाला, दहावीनंतर आयटीआयला गेला आणि पुढे चाकण औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात लागला. लाइनवर येणाऱ्या प्रत्येक गाडीत तारांचा जुडगा बसवायचा आणि ठरलेले कनेक्टर दाबून जोडायचे, हे त्याचे काम. लाइनवरील त्या ठिकाणाला कारखान्यात ‘स्टेशन’ म्हणतात. तो आम्हांस म्हणाला, “सर, आठ वर्षं एकाच स्टेशनवर उभा आहे. हजारो गाड्यांत वायरिंग बसवलं, पण ती वायर पुढे कुठं जाते हे मला माझं स्वतःचं स्टेशन उभं केल्यावर कळलं.” त्याचे स्वतःचे स्टेशन म्हणजे मोटारीत बसविलेले हौशी रेडिओ केंद्र.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

पोलिसांचा बिनतारी संच, आकाशवाणी आणि मोबाइल फोन या तिन्हींहून हौशी रेडिओ वेगळा आहे. सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला काही ठरावीक रेडिओपट्ट्यांवर स्वतःच्या यंत्राने संदेश पाठविण्याचा आणि घेण्याचा परवाना मिळतो. त्यातून पैसा मिळवता येत नाही. धंद्याचे बोलणे, जाहिरात, संगीत यांना मनाई असते. अशा परवानाधारकास जगभर ‘हॅम’ म्हणतात. भारतात हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. परीक्षेसाठी वयाची १२ वर्षे पूर्ण असावी लागतात. रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम हे तिचे मुख्य विषय आहेत.

परवान्याबरोबर एक संकेतनाम मिळते. ते जगात दुसऱ्या कोणाचेही नसते. भारतातील संकेतनामांची सुरुवात साधारणतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते. सर्वसाधारण श्रेणीसाठी त्यापुढे २ हा अंक आणि मर्यादित श्रेणीसाठी ३ हा अंक येतो, मग प्रत्येकाची वेगळी अक्षरे. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांचे संकेतनाम ‘व्हीयू२आरजी’ होते. आमच्या विद्यार्थ्याला ‘व्हीयू३’ने सुरू होणारे संकेतनाम मिळाले आहे. हवेवर पंतप्रधान असो वा लाइनवरचा कामगार, ओळख संकेतनामाने होते आणि त्यापुढे फक्त पहिले नाव सांगण्याची रीत आहे. आपल्याकडे नाव सांगितल्यावर लगेच “आडनाव काय?” असा प्रश्न येतो आणि तो कशासाठी येतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. हवेवर हा प्रश्न कोणी विचारत नाही.

टाकाऊ लहरींचा इतिहास

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे मागे जाणे आम्हांस आवश्यक वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी तज्ज्ञांची अशी समजूत होती की, दूरवर संदेश पाठवायचा तर फार लांब लहरी, प्रचंड प्रक्षेपक आणि उंच मनोरे हवेत. २०० मीटरपेक्षा आखूड लहरी दूरच्या कामाच्या नाहीत, असे मानले जाई. म्हणून अमेरिकेने १९१२ च्या कायद्यान्वये हौशी मंडळींना त्या आखूड लहरींकडे लोटले. म्हणजे ज्या जमिनीचा उपयोग नाही, ती देऊन टाकावी, तसाच हा प्रकार.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स येथील हौशी मंडळींनी सुमारे ११० मीटर लहरींवर अटलांटिक महासागरापलीकडे परस्परांशी संभाषण केले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांनी पाठविलेल्या संदेशास लंडनच्या मिल हिल शाळेतून उत्तर मिळाले. उत्तर देणारा सेसिल गॉयडर हा त्या शाळेचा विद्यार्थी होता. न्यूझीलंड आणि इंग्लंड ही पृथ्वीगोलाची जवळजवळ विरुद्ध टोके. आणि त्यांना जोडणारे यंत्र एका शाळेत होते, ही गोष्ट निवासी शाळेच्या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी अशीच आहे. हाच गॉयडर पुढे १९३६ मध्ये भारतात आला आणि आकाशवाणीचा मुख्य अभियंता झाला.

आखूड लहरी कामाच्या आहेत हे हौशी मंडळींनी सिद्ध करताच साम्राज्याने त्यांच्याकडे लक्ष वळविले. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये आखूड लहरींची ‘बीम’ तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र आपल्या शेजारच्या खडकीस आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. ज्या वर्षी खडकीहून साम्राज्याच्या तारा समुद्रापार जाऊ लागल्या, त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि एप्रिलमध्ये बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, हे आम्ही जाणतो. तरी आपला आवाज पोहोचविण्याचे साधन आपल्या हाती असावे लागते, हे त्या वर्षाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

आकाशातील छत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पृथ्वी गोल आहे आणि रेडिओलहर सरळ रेषेत जाते. मग चाकणची लहर युरोपात कशी पोहोचते?

पृथ्वीच्या वर सुमारे ६० किलोमीटरपासून कित्येक शे किलोमीटरपर्यंत हवेचा एक विरळ थर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तेथील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या थरास आयनांबर म्हणतात. ठरावीक वारंवारतेच्या लहरी त्याच्यावर तिरप्या आदळल्या की वाकतात आणि पुन्हा जमिनीकडे येतात. सुमारे २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरील भाग या कामी सर्वांत उपयोगी. त्याच्या आधारे एका उडीत साधारणतः ४,००० किलोमीटरपर्यंतचे अंतर कापता येते. लहर जमिनीवरून किंवा समुद्रावरून उसळून पुन्हा वर जाते आणि दुसरी उडी घेते. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावला की तो टप्पे घेत जातो, तसेच हे टप्पे.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. लहर वर जाऊन दूर उतरत असल्यामुळे मधला प्रदेश कोरडा राहतो. २१ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर आमच्या विद्यार्थ्यास नाशिकचे केंद्र ऐकू येत नाही, पण इटलीचे येते.

हे छत स्थिर नसते. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवर एक खालचा थर तयार होतो आणि तो कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. म्हणून ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिवसा काहीशे किलोमीटरपुरता राहतो. सूर्यास्तानंतर तो थर विरला की त्याच पट्ट्यावर हजारो किलोमीटर जाता येते. १४ आणि २१ मेगाहर्ट्‌झचे पट्टे दिवसा आणि संध्याकाळी कामास येतात. २८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मात्र सूर्यावर अवलंबून असतो. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने कमी-अधिक होते. डाग वाढले की वरचा थर सघन होतो आणि हा पट्टा उघडतो. सध्याचे चक्र आपल्या उच्चावस्थेत पोहोचल्याचे अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर उतरण येते.

थोडक्यात, दूर जाणे हे केवळ यंत्राच्या ताकदीवर ठरत नाही. कोणत्या वेळी कोणता पट्टा उघडा असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो पुढे जातो.

मोटार हे अडचणीचे केंद्र

घराच्या गच्चीवर जागा असेल तर अँटेना हवी तेवढी लांब करता येते. मोटारीवर ते शक्य नाही, आणि येथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

३०० या संख्येला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. उभी अँटेना त्या लांबीच्या पाव भाग असली तर उत्तम चालते. २८.५ मेगाहर्ट्‌झला हा पाव भाग सुमारे २.६ मीटर येतो, म्हणजे मोटारीवर मावतो. २१.२ मेगाहर्ट्‌झला तो ३.५ मीटर, १४.२ ला ५.३ मीटर आणि ७.१ ला तब्बल १०.६ मीटर होतो. एवढा खांब गाडीवर उभा करून पुणे–नाशिक महामार्गावर जाणे अशक्य आहे. म्हणून अँटेना आखूड ठेवतात आणि राहिलेल्या लांबीची भरपाई तारेच्या वेटोळ्याने करतात. आमच्या विद्यार्थ्याची अँटेना २.४ मीटरची आहे. वेटोळे त्याने पीव्हीसी नळीवर तांब्याची तार गुंडाळून घरीच केले. नळी आणि पट्ट्या कुदळवाडीच्या भंगार दुकानांतून आणल्या.

या भरपाईची किंमत मोजावी लागते. अँटेनातून लहर बाहेर टाकण्याचे काम करणारा एक रोध असतो, त्याला आपण ‘कामाचा रोध’ म्हणू. वेटोळे, गाडीचे सांधे आणि खालची जमीन यांत ऊर्जा उष्णता होऊन जाते, तो ‘वाया जाणारा रोध’. २.४ मीटर अँटेनाचा कामाचा रोध ७ मेगाहर्ट्‌झला सुमारे १.३ ओहम, १४ ला ५ ओहम आणि २१ ला ११ ओहम येतो. वाया जाणारा रोध ढोबळमानाने १५ ओहम धरला, तर संचातून १०० वॉट दिल्यावर अनुक्रमे सुमारे ८, २५ आणि ४२ वॉट हवेत जातात. बाकीचे गाडी आणि जमीन तापविण्यात खर्ची पडतात.

आमच्या विद्यार्थ्याने हे गणित वहीच्या पानावर मांडून दाखविले, तेव्हा शाळेत गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा तो मुलगा आम्हांस आठवला. वाया जाणारा रोध कमी करणे हेच मोटारीतील केंद्राचे मुख्य काम, असे त्याने सांगितले. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. वेटोळे जाड तारेचे आणि मोठ्या व्यासाचे असावे. अँटेनाचा पाया गाडीच्या पत्र्याशी घट्ट जोडलेला असावा, कारण गाडीचा सांगाडा हाच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. आणि दारे, बॉनेट, डिकीचे झाकण, सायलेन्सरची नळी हे सुटे भाग तांब्याच्या विणलेल्या पट्टीने मूळ सांगाड्याशी जोडावेत. हे शेवटचे काम तो आपल्या कारखान्यातील अनुभवाने सहज करू शकला. बिजागरीला लावलेला रंग विजेला अडवितो, हे त्याला पुस्तक वाचण्यापूर्वीच ठाऊक होते.

विजेचाही विचार हवा. १०० वॉट प्रक्षेपण करणारा संच १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. म्हणून तो सिगारेट लायटरच्या खाचेतून चालवता येत नाही. बॅटरीपासून जाड तार आणावी लागते आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवावा लागतो. आजच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. अशा गाडीत ऋण तार थेट बॅटरीच्या टोकाला न जोडता सांगाड्यावरील जोडबिंदूला जोडतात. गाडी नवी असेल, तर काहीही छेदण्यापूर्वी किंवा जोडण्यापूर्वी तिच्या हमीच्या अटी वाचाव्यात.

चाकणचा गोंगाट आणि धरणाची शांतता

त्या रविवारी दुपारी आम्ही प्रथम कारखान्यांच्या रस्त्याच्या कडेला थांबलो. संच सुरू करताच त्यातून एकसारखा खरखराट आला. मीटरचा काटा सातवर उभा होता. “सर, हा आपल्या पट्ट्याचा आवाज,” तो म्हणाला. वेल्डिंग, मोटारींचा वेग बदलणारी विद्युतयंत्रणा, एलईडी दिवे, उच्च दाबाच्या तारा या सर्वांतून रेडिओलहरींचा कचरा बाहेर पडत असतो. त्यात आपल्याच गाडीचे इंधनपंप आणि अल्टरनेटर भर घालतात. कानाला काहीच जाणवत नाही. संचाला मात्र सर्व ऐकू येते.

मग आम्ही आंबेठाणवरून करंजविहिऱ्याकडे, भामा आसखेड धरणाच्या बाजूस निघालो. उघड्या माळावर, विजेच्या तारांपासून दूर गाडी उभी करून त्याने इंजिन बंद केले. काटा दोनवर आला.

या पाच पायऱ्यांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. मीटरवरील एक पायरी म्हणजे शक्तीत चौपट फरक. चाराला चाराने असे पाच वेळा गुणले की १,०२४ येतात. मीटर अगदी अचूक नसतो, हे धरले तरी अर्थ तोच राहतो: चाकणमध्ये जे केंद्र ऐकू येण्यासाठी सुमारे हजार पट शक्तीचे असावे लागले असते, ते धरणाच्या काठी तेवढ्याच स्पष्टपणे ऐकू येत होते. उलट १०० वॉटचा संच काढून ४०० वॉटचा बसविला, तर दूरच्या ऐकणाऱ्याच्या मीटरवर एकच पायरी वाढते. मोठा संच घेण्याआधी शांत जागा शोधावी, हा या विद्येचा पहिला व्यवहारी नियम आहे.

दुपारचे साडेचार वाजले होते. २१ मेगाहर्ट्‌झवर त्याने आधी दहा-पंधरा मिनिटे नुसते ऐकले. मग एक इटालियन केंद्र सर्वांना साद घालत होते, ते त्याने पकडले. आपले संकेतनाम अक्षरे सुटी करून सांगितले: व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री, आणि पुढची तीन अक्षरे. उत्तर आले नाही. दुसरे कोणी जोरदार केंद्र मध्ये आले होते. त्याने वाट पाहिली आणि पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी पलीकडच्या वृद्धसर आवाजाने त्याचे संकेतनाम बरोबर उच्चारले आणि ‘पाच-पाच’ असा अहवाल दिला. पहिल्या पाचाचा अर्थ बोलणे पूर्ण समजते, दुसऱ्याचा अर्थ आवाजाची ताकद मध्यम आहे. त्याने नाव सांगितले, ठिकाण ‘चाकण, पुण्याजवळ’ असे सांगितले आणि आपण मोटारीत असल्याचेही सांगितले. पलीकडच्या गृहस्थाने “मोटारीतून?” असे पुन्हा विचारले आणि मनापासून अभिनंदन केले. मग ‘७३’ म्हणजे शुभेच्छा देऊन संभाषण संपले. सारे दोन मिनिटांत झाले.

सुमारे ६,३०० किलोमीटर अंतर, किमान दोन उड्या आणि हवेत गेलेले जेमतेम ४०-४२ वॉट. एका पंख्याला याहून अधिक वीज लागते. आवाजास जाण्यासाठी लागलेला वेळ सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग.

त्याने नोंदवहीत तारीख, वेळ, वारंवारता, संकेतनाम आणि अहवाल लिहिला. अशा संभाषणाची खूण म्हणून हौशी मंडळी एकमेकांना छापील कार्ड पाठवितात. त्याच्या घरच्या भिंतीवर अशी अकरा कार्डे आहेत. लाइनवरच्या शिफ्टमध्ये केलेल्या कामावर त्याचे नाव कोठेही लिहिले जात नाही. या कार्डांवर त्याचे संकेतनाम आहे.

संकटकाळी

हा केवळ छंद आहे का, असा प्रश्न पालक विचारतील. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविण्याचे काम केले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात होत्या. दूरध्वनी बंद पडले असता त्यांच्या केंद्रावरून बातमी आणि आप्तांचे निरोप बाहेर गेले. एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोहोचविण्यास हौशी केंद्रांवर बंधने असतात; नैसर्गिक आपत्तीत ती सैल होतात.

मोबाइलचा मनोरा वीज, केबल आणि इतर मनोरे यांवर अवलंबून असतो. मोटारीतील केंद्राजवळ स्वतःची बॅटरी, ती भरणारे इंजिन आणि चाके असतात. परंतु येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आपत्तीत बहुधा इटलीशी बोलायचे नसते; किल्लारीहून पुण्याशी बोलायचे असते. त्या अंतरास दिवसा ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा योग्य, आणि लहर जवळजवळ सरळ वर जाऊन खाली यावी लागते. गाडीवरची आखूड उभी अँटेना या कामास फार दुबळी. अशा वेळी गाडी थांबवून दोन झाडांमध्ये सुमारे २० मीटर तार आडवी बांधतात आणि मध्यभागी संचाशी जोडतात. ती तार गुंडाळून गाडीत ठेवलेली असावी. दूरच्या देशांशी बोलण्याचा सराव ज्याने केला आहे, त्याला कोणती अँटेना केव्हा लावायची हे कळते. हा त्या छंदाचा खरा लाभ.

काही दक्षता

गाडी चालविणाऱ्याने चालविता चालविता बोलू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हातातील संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात धरला आहे, आणि कायदा नसता तरी शहाणपण तेच सांगते. प्रक्षेपण चालू असताना अँटेनाला कोणी हात लावू नये. तिच्या टोकावर मोठा दाब असतो आणि त्वचा भाजते. विजेच्या तारांखाली अँटेना उभी करू नये. ढगांचा गडगडाट ऐकू येताच ती उतरवावी. परवाना मिळेपर्यंत प्रक्षेपण करू नये, आणि वाहनातून केंद्र चालविण्याविषयी परवान्यात काय अटी आहेत, त्या आधी वाचून घ्याव्यात.

खर्चाचीही गोष्ट लपवून ठेवू नये. नवा संच घ्यायचा तर कामगाराचे काही महिन्यांचे वेतन लागते. आमच्या विद्यार्थ्याने दोन मित्रांसह वर्गणी काढून जुना संच घेतला. तिघांनीही परीक्षा दिली आहे आणि संच आळीपाळीने वापरतात. अँटेना, वेटोळे, पट्ट्या मात्र हाताने होतात, आणि शिकायचे असते ते बहुतेक तेथेच असते.

एक सूचना

परत येताना आम्ही त्याला विचारले, “तुला हे कोणी शिकवले?” तो म्हणाला, “सर, परीक्षेचं पुस्तक इंग्रजीत होतं. एकेक पान दोनदोन दिवस लागलं. कोणी मराठीत समजावलं असतं तर दहावीतच झालं असतं.”

हे वाक्य आमच्या मनात राहिले. बारा वर्षांच्या मुलाला जी परीक्षा देता येते, ती आपल्या विद्यार्थ्याने तिशीत दिली. बुद्धी तीच होती. सांगणारे कोणी नव्हते. त्या सांगण्याची जबाबदारी आमची, म्हणजे शिक्षकांची, होती.

म्हणून शाळेचे व्यवस्थापन आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत आपले कितीतरी माजी विद्यार्थी इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, मेंटेनन्सचे कामगार म्हणून उभे आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांच्यापैकी दोघांनी शाळेत यावे. आरंभी संच नको. बॅटरी, दिवा, तार, वेटोळे आणि मल्टिमीटर पुरेत. ओहमचा नियम फळ्यावर न शिकवता तारेवर शिकवावा. आमचा हा विद्यार्थी आपला संच घेऊन येण्यास तयार आहे. त्याच्या देखरेखीखाली मुलांनी प्रथम नुसते ऐकावे. नोंदवही ठेवावी: किती वाजता, कोणत्या पट्ट्यावर, कोणता देश ऐकू आला. भूगोलाच्या नकाशावर त्या देशाला टाचणी लावावी. वर्षभर अशी वही भरली की आयनांबर काय असते, हे मुलांना निराळे सांगावे लागणार नाही. पुढे इच्छुकांना परीक्षेस बसवावे. प्रश्नांचे मराठी स्पष्टीकरण लिहून देण्याचे काम आम्ही आणि विज्ञानाचे सहकारी करू.

मिल हिलच्या शाळेतून जगाच्या दुसऱ्या टोकाला उत्तर गेले, त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली आहेत. आपल्या शाळेच्या गच्चीवरून नाशिक, किल्लारी किंवा इटली यांपैकी कोणाशी प्रथम बोलणे होईल, ते त्या दिवशीचे आकाश ठरवील. आमच्या विद्यार्थ्याने पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार मोकळा ठेवला आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना त्या दिवशी यावयाचे असेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे आणि घरात पडलेली तांब्याची तार असेल तर ती सोबत आणावी.